सौर वादळ, परतीचा पाऊस आणि तासगावची एक द्राक्षबाग: एक प्रकरण अभ्यास

10 ऑक्टोबर 2024 च्या रात्री पृथ्वीवर तीव्र सौर वादळ येऊन आदळलं. त्याच आठवड्यात सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्याच्या पूर्व भागात, सावळज-मणेराजुरी पट्ट्यातल्या एका गावात परतीच्या पावसाने बागा झोडपल्या. आणि त्याच 10 तारखेला संध्याकाळी, गावातल्या सामुदायिक पाईपलाईनची मोजणी करणाऱ्या मुलाचा रोव्हर, म्हणजे उपग्रहांच्या आधारे जागा मोजणारं यंत्र, चालेनासा झाला. तीन घटना, एक आठवडा. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलेल्या एका संदेशाने या तिन्हींना एकाच दोरीत ओवलं आणि त्या दोरीवर विसंबून गावातल्या काही बागायतदारांनी ऐन मोक्याच्या दिवसांत फवारणी थांबवली.

मी जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. या गावातल्या एका बागायतदाराचा मुलगा माझा विद्यार्थी, म्हणून विचारणा माझ्याकडे आली. पुढे गावातल्या बागायतदारांच्या गटातल्या लोकांशी आणि मोजणीवाल्या मुलाशी बसून सगळा घटनाक्रम लावला. तो इथे सविस्तर मांडतो आहे, कारण अशी वादळं आणखी येणार आहेत आणि असे संदेशही येणार आहेत.

बाग कोणत्या अवस्थेत होती

द्राक्ष न करणाऱ्या वाचकाला हे आधी सांगायला हवं. आपल्याकडे वेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलची खरड छाटणी काडी तयार करण्यासाठी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरची फळछाटणी घडासाठी. फळछाटणीनंतर डोळे फुटतात, पोंगा दिसतो, दोन-चार पानं उलगडतात आणि त्यातच इवलासा घड डोकावतो. या दिवसांत पाऊस लागला आणि पान तासन्‌तास ओलं राहिलं, की दावण्या हा बुरशीचा रोग थेट घडावर जातो. घड कुजतो किंवा जिरून त्याची बाळी, म्हणजे नुसता वेलीचा ताणा, होते. एकदा घड गेला की त्या वर्षीचं पीक गेलं. दुसरी फूट काढून ते भरून येत नाही. म्हणून परतीच्या पावसात बागायतदार रात्री-अपरात्री ब्लोअर घेऊन बागेत असतो. पाऊस उघडला की फवारणी, ट्रॅक्टर आत घालता येत नसेल तर पहाटे ओल्या पानांवर धुरळणी. त्या दिवसांत चोवीस तासांचं मोल फार मोठं असतं.

ज्या दादांमुळे हे प्रकरण माझ्यापर्यंत आलं, त्यांची बाग बरोबर याच अवस्थेत होती.

संदेश आणि फोन

संदेशाचा सारांश असा: सूर्यावर महास्फोट झाला आहे; त्याची किरणं पृथ्वीवर येत आहेत; तीन दिवस प्रचंड पाऊस आणि नंतर भयंकर ऊन पडेल; पावसात किरणोत्सर्ग असेल, म्हणून औषध मारल्यास पान जळेल; रात्री मोबाईल बंद ठेवा. खाली एका परदेशी संस्थेचं नाव आणि लालभडक आकाशाचा फोटो.

दादांचा फोन आला तेव्हा त्यांच्या आवाजात घाई होती. "सर, सूर्यावर वादळ झालंय म्हणं. टाकी भरून ठिवलीया. औषध मारू का थांबू, तेवढं सांगा."

मी त्यांना म्हटलं, सूर्याचा आणि तुमच्या पावसाचा संबंध नाही. औषधाचं काय ते पानावरचं पाणी आणि तुमचा सल्लागार बघून ठरवा, सूर्याकडे बघून नको. त्यांनी पाऊस उघडल्यावर फवारणी केली. त्यांच्या चुलत्यांनी, म्हणजे आण्णांनी, केली नाही. "एवढं मोठं लिवलंय ते काय उगंच?" हा त्यांचा प्रश्न. तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. कारण संदेशातलं पहिलं वाक्य खरं होतं.

सूर्यावर खरोखर काय झालं

9 ऑक्टोबरला आपल्याकडे सकाळी साडेसातच्या सुमारास सूर्यावरच्या डागांच्या एका गटातून एक्स वर्गाची, म्हणजे सर्वांत वरच्या वर्गाची, सौरज्वाला भडकली. ज्वालेचा प्रकाश आणि क्ष-किरण आठ मिनिटांत पृथ्वीवर पोचतात. ते वातावरणाच्या अगदी वरच्या थरात शोषले जातात आणि काही काळ लांब पल्ल्याच्या लघुलहरी रेडिओ संपर्कात खंड पाडतात. त्या वेळी आपल्याकडे कोवळं ऊन होतं. बागेत कोणाला काही जाणवण्याचं कारणच नव्हतं.

ज्वालेबरोबर सूर्याच्या प्रभामंडळातून प्रचंड द्रव्य उसळलं. विद्युतभारित कण आणि त्यांच्यासोबत गुंतलेलं चुंबकीय क्षेत्र यांचा तो लोट. शास्त्रज्ञ त्याला सीएमई म्हणतात. त्याला पृथ्वीपर्यंत यायला साधारण दीड दिवस लागला. अमेरिकेच्या नोआ या हवामान आणि समुद्र संस्थेने त्याआधीच 'जी-4' पातळीचा, म्हणजे पाचांपैकी चौथ्या पातळीचा, इशारा दिला होता. 10 ऑक्टोबरला भारतीय वेळेनुसार रात्री पावणेनऊच्या सुमारास लोट पृथ्वीच्या चुंबकीय कवचावर आदळला. ही वेळ लक्षात ठेवावी. रोव्हरच्या प्रश्नात तीच निर्णायक ठरली.

त्या रात्री लडाखमध्ये हानले इथल्या कॅमेऱ्यांनी क्षितिजावरचा लाल ध्रुवीय प्रकाश टिपला. मे 2024 मध्येही तो तिथे दिसला होता. मेमधलं वादळ पाचव्या पातळीचं, 2003 नंतरचं सर्वांत मोठं. 2024 मध्ये ऑक्टोबरचं त्याच्या खालोखाल. म्हणजे संदेशातला लाल आकाशाचा फोटो कुठला का असेना, तसं आकाश त्या रात्री खरोखर होतं, पण सांगलीत नव्हे.

अशा वादळाची ताकद पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात किती उतार पडला यावरून मोजतात. आपल्या भागात जमिनीला समांतर असलेलं हे क्षेत्र जवळपास 40,000 नॅनोटेस्ला असतं. ऑक्टोबरच्या वादळात विषुववृत्ताजवळच्या वेधशाळांचा सरासरी उतार 330 च्या आसपास गेला. शंभरातला एक हिस्साही नाही. यंत्रांना तो जाणवतो, वेलीला नाही, ढगाला नाही.

पावसाचा हिशेब

आण्णांना पटवायचं तर दोन गोष्टी दाखवायला हव्या होत्या: वेळ आणि ताकद.

वेळ सोपी होती. गटातल्या बऱ्याच जणांच्या फोनवर कृषी हवामान सल्ला येतो. 8 ऑक्टोबरला, मंगळवारी आलेल्या सल्ल्यात मेघगर्जनेसह पावसाची शक्यता लिहिलेली होती. ज्वाला भडकली बुधवारी सकाळी आणि लोट पोचला गुरुवारी रात्री. जो पाऊस सूर्यावर काही घडण्याआधीच अंदाजात आहे, त्याचं कारण सूर्यावरच्या स्फोटात कसं असेल? खरं कारण जवळ होतं. मान्सून परतीच्या वाटेवर होता. 15 ऑक्टोबरला तो संपूर्ण देशातून गेल्याचं हवामान विभागाने जाहीर केलं. त्याच सुमारास अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं होतं, ते पुढे ओमानच्या दिशेने सरकलं. दिवसा तापलेली जमीन, समुद्रावरून येणारी ओल, दुपारनंतर वाढणारे ढग: परतीच्या पावसाची ही घडण आपल्या आज्यालाही माहीत होती.

ताकदीचा हिशेब थोडा आकड्यांचा आहे, पण तो टाळू नये. पृथ्वीवर सूर्यप्रकाशातून दर क्षणी जवळपास 1,74,000 अब्ज किलोवॅट एवढी शक्ती येते. मोठ्या सौर वादळात पृथ्वीच्या वरच्या वातावरणात ओतली जाणारी शक्ती एक ते काही अब्ज किलोवॅटच्या घरात असते. कोयनेचे सगळे टप्पे मिळून 1,960 मेगावॅट; त्या मापाने एक अब्ज किलोवॅट म्हणजे पाचशेहून जास्त कोयना. ऐकायला प्रचंड. पण रोजच्या उन्हाशी ताडून पाहिलं तर लाखात एक-दोन हिस्से. शिवाय ती शक्ती मुख्यतः ध्रुवांकडच्या प्रदेशांवर, जमिनीपासून शंभर किलोमीटरच्या वर मुरते. आपला पावसाचा ढग कितीही उंच चढला तरी पंधरा-अठरा किलोमीटरला थांबतो. मधल्या ऐंशी-नव्वद किलोमीटरमधून ती उष्णता खाली येऊन ढग बांधेल, असा रस्ता नाही.

उलट बाजूने पाहा. एका चौरस किलोमीटरवर 10 मिलिमीटर पाऊस पडतो तेव्हा वाफेचं पाणी होताना सुटणारी उष्णता जवळपास 70 लाख युनिट विजेइतकी असते. एवढा जोर समुद्रावर पडलेल्या साध्या उन्हातून, बाष्पातून येतो. पावसाला सौर वादळाची गरज नाही.

त्याच आठवड्यात अमेरिकेतही दोन संकटं अशीच शेजारी-शेजारी आली. 9 ऑक्टोबरच्या रात्री मिल्टन चक्रीवादळ फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर धडकलं आणि दुसऱ्या दिवशी सौर वादळ आलं. चक्रीवादळाला बळ मेक्सिकोच्या आखातातल्या तापलेल्या पाण्याने दिलं होतं. सौर वादळाची काळजी तिथे वेगळ्या कारणाने होती: मदतकार्याचा उपग्रह संपर्क आणि वीज यांत आणखी अडचण येऊ नये म्हणून आपत्ती यंत्रणेला आधीच कळवण्यात आलं.

सूर्यडाग आणि दुष्काळ: हा समज कुठून आला

सूर्याचा आणि पावसाचा संबंध लावण्याची ओढ अडाणीपणातून आलेली नाही. मोठमोठ्या शास्त्रज्ञांनी हा माग काढला आहे, आणि तोही आपल्याच भागातल्या दुष्काळामुळे.

आधी वादळाचं. 1 सप्टेंबर 1859 ला इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टनने सूर्यावर पांढरी ज्वाला पाहिली. दुसऱ्या दिवशी मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत चुंबकीय क्षेत्र एकदम जवळपास 1,600 नॅनोटेस्लांनी घसरल्याची नोंद झाली. त्या वादळाची सर्वांत मोलाची नोंद ही मुंबईची आहे, आणि 2003 मध्ये भारतीय भूचुंबकत्व संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी इतरांसोबत ती नव्याने जगापुढे आणली. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून ही चुंबकीय मोजणी अलिबागला हलवली. 1904 पासून ती तिथे चालू आहे. 4 फेब्रुवारी 1872 च्या वादळात तर ध्रुवीय प्रकाश मुंबईतून दिसल्याच्या नोंदी आहेत.

आणि 1876 ला दख्खनमध्ये पाऊस फिरला. सातारा, सोलापूर, पुणे, नगर, कलादगी, बेळगाव, धारवाड हे सगळे जिल्हे होरपळले. माणदेशातल्या माणसाला या दुष्काळाबद्दल वेगळं सांगायला नको. आटपाडी, जत, माण, खटाव इथल्या दुष्काळी पट्ट्याची सरकारी ओळखच त्या काळापासून गडद झाली. दुष्काळ 1878 पर्यंत चालला, आणि 1878 हे वर्ष सूर्यडागांच्या नीचांकाचं होतं. डाग कमी तर पाऊस कमी, असा तर्क बांधायला एवढं पुरेसं होतं. नॉर्मन लॉकियरसारख्या नामवंत खगोलशास्त्रज्ञाने तो जोरात मांडला. दुष्काळ आयोगापुढेही त्याची चर्चा झाली. सूर्याचा अभ्यास केला तर मान्सूनचं कोडं सुटेल, या आशेचा कोडाईकनालच्या सौर वेधशाळेच्या उभारणीत वाटा आहे. ती 1899 मध्ये उभी राहिली. तिच्याकडे आज शंभर वर्षांहून जास्त काळाच्या सूर्यप्रतिमा आहेत, जगात मोजक्याच ठिकाणी एवढा जुना ठेवा आहे. ज्या आशेने ती बांधली ती फळली नाही, तरी विज्ञानाला तिचा मोठा लाभ झाला.

आशा का फळली नाही, ते गिल्बर्ट वॉकर यांच्या कामातून दिसतं. 1904 ला त्यांनी भारतातल्या वेधशाळांची सूत्रं घेतली. गणिती माणूस; त्यांनी सूर्यडाग आणि पाऊस यांच्या आकड्यांचा कसून ताळा घेतला आणि संबंध अगदी क्षीण निघाला. मग जगभरच्या हवेच्या दाबाच्या नोंदी तपासताना त्यांना प्रशांत आणि हिंदी महासागरावरचा दाबाचा हेलकावा सापडला. आज आपण एल निनोबद्दल बोलतो त्याचा हा अर्धा भाग. 1877 चा दुष्काळ एका अतितीव्र एल निनोशी जोडलेला होता, हे आता पक्कं ठाऊक आहे. माणदेशाला जाळणारं कारण प्रशांत महासागराच्या पाण्यात होतं, आणि लोक ते सूर्याच्या तोंडावर शोधत होते.

हे सांगितल्यावर आण्णा बराच वेळ गप्प होते. नंतर त्यांनी विचारलेला प्रश्न मला या सगळ्या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा वाटतो: "मग ऊन का वाढलंय? सूर्य तापल्याबिगर ऊन वाढंल का?"

ऊन का वाढलंय

सूर्याचं तेज बदलतं, यात शंका नाही. साधारण अकरा वर्षांच्या चक्रात डाग वाढतात, कमी होतात. सध्याचं पंचविसावं चक्र डिसेंबर 2019 मध्ये सुरू झालं आणि 15 ऑक्टोबर 2024 ला, या वादळानंतर पाचच दिवसांनी, सूर्य चक्राच्या शिखरकाळात असल्याचं नासा आणि नोआ यांनी जाहीर केलं. पण शिखर आणि तळ यांतला तेजाचा फरक हजारात एक एवढाच असतो. दर चौरस मीटरला 1,361 वॅटमध्ये एक-दीड वॅटचा चढउतार. त्याने पृथ्वीचं सरासरी तापमान फार तर 0.1 अंशाने हलतं, आणि चक्र उतरलं की तेवढंच परत येतं. 1645 ते 1715 या काळात सूर्यावर डाग जवळपास दिसेनासे झाले होते. त्या काळात युरोपात कडक हिवाळे पडले, पण त्यांतही ज्वालामुखींचा मोठा हात होता.

1980 नंतरचा ताळा आणखी स्पष्ट आहे. उपग्रहांनी मोजलेलं सूर्याचं तेज वाढलेलं नाही. उलट किंचित उतरतं आहे. पृथ्वी मात्र तापतच आली. आणि तापण्याची तऱ्हाही बोलकी आहे. सूर्य जास्त तापला असता तर वातावरणाचे खालचे-वरचे सगळे थर तापायला हवे होते. प्रत्यक्षात जमिनीलगतची हवा तापते आहे आणि स्थितांबर, म्हणजे त्यावरचा थर, थंड होतो आहे. कोळसा-डिझेलच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड उष्णता खाली अडवतो, तेव्हाच असं घडतं. रात्री उकडण्याचं प्रमाण वाढलंय हे बागेत झोपणाऱ्या माणसाला मोजमापाशिवायही कळतं, आणि रात्री तर सूर्य नसतोच.

सौर वादळांचा वातावरणावर काहीच परिणाम होत नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. जोरदार वादळात ध्रुवांवर शिरणाऱ्या कणांमुळे नायट्रोजनची ऑक्साइडं तयार होतात आणि फार उंचावरच्या ओझोनचा थोडा ऱ्हास होतो. वरचं विरळ वातावरण तापून फुगतं. फेब्रुवारी 2022 मध्ये एका साध्याशा वादळात ते फुगल्यामुळे नुकत्याच सोडलेल्या 49 पैकी 38 स्टारलिंक उपग्रहांना घर्षण झेपलं नाही आणि ते जळून गेले. अवकाशातून येणाऱ्या वैश्विक किरणांमुळे ढग बनतात आणि सूर्य ती किरणं कमी-जास्त करतो, असाही एक सिद्धांत होता. जिनिव्हाजवळ सर्न या प्रयोगशाळेत त्याची वर्षानुवर्षं तपासणी झाली आणि परिणाम हवामान बदलण्याइतका मोठा आढळला नाही. हे सगळं अभ्यासण्यासारखं आहे. सावळजच्या पावसाशी त्याचं नातं नाही, एवढंच.

रोव्हर का थांबला

आता ज्या घटनेत मला स्वतःला सर्वांत जास्त रस होता तिच्याकडे येतो. कारण सूर्याचा हात आपल्या शिवारापर्यंत पोचतो तो इथे.

गटाला उपसा सिंचनाचं पाणी आणण्यासाठी सामुदायिक पाईपलाईन टाकायची होती. लेव्हल काढायचं काम एका तरुण मोजणीवाल्याकडे. दिवसा सगळी माणसं बागेत अडकलेली, म्हणून 10 ऑक्टोबरला तो दुपारी उशिरा सुरू करून अंधार पडेपर्यंत काम करत होता. त्याचं यंत्र म्हणजे रोव्हर: काठीवर बसवलेला उपग्रह-ग्राहक. स्थिर केंद्राकडून मोबाईल इंटरनेटवर दुरुस्ती घेऊन तो एक-दोन सेंटिमीटरपर्यंत जागा सांगतो. पडद्यावर 'फिक्स' आलं की आकडा घ्यायचा. 'फ्लोट' दाखवत असेल तर आकडा भरवशाचा नाही. संध्याकाळी सव्वासातनंतर फिक्स जायला लागलं. येई, जाई, पुन्हा फ्लोट. साडेसातला त्याने काम गुंडाळलं. नंतर रात्री तो संदेश वाचला आणि त्याचीही खात्री पटली की हे सौर वादळच.

पण वादळ पोचलं रात्री पावणेनऊला. रोव्हर थांबला त्याच्या सव्वा तास आधी. वादळाने तो थांबवलेला असणं शक्य नाही.

मग काय? पहिला संशय मोबाईल रेंजवर. यंत्राच्या नोंदीत दुरुस्तीचं वय दिसतं, म्हणजे शेवटची दुरुस्ती किती सेकंदांपूर्वी आली ते. ते सगळा वेळ व्यवस्थित होतं. दुसरा संशय मांडवाच्या तारा आणि झाडं. तो उभा होता उघड्या बांधावर. तिसरा संशय ढगांवर. पण या लहरी ढगातून, पावसातूनही आरपार येतात. नोंदीत खरी खूण वेगळीच होती: एकाच वेळी अनेक उपग्रहांच्या संकेतांची ताकद भराभर वरखाली होत होती, त्यातही दक्षिणेकडच्या उपग्रहांची जास्त. आणि सप्टेंबरच्या अखेरीस त्याने दुसऱ्या गावात केलेल्या कामाच्या नोंदी उघडल्या, तर तिथेही अंधार पडल्यावर हाच प्रकार. तेव्हा तर कुठलंच मोठं वादळ नव्हतं.

याचं उत्तर आयनांबरात आहे. शंभर किलोमीटरच्या वर सूर्याच्या अतिनील आणि क्ष-किरणांनी हवेचे अणू फुटून विद्युतभारित थर तयार होतो. उपग्रह 20,000 किलोमीटरवर. त्यांची प्रत्येक लहर या थरातून गाळून येते. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जातं. म्हणूनच तर 1963 मध्ये पहिलं रॉकेट सोडायला थुंबा निवडलं गेलं. तिथे सूर्यास्तानंतर हा थर वर उचलला जातो, त्याचा तळ अस्थिर होतो आणि कमी घनतेचे प्रचंड फुगे वर उठतात. चुंबकीय रेषांच्या आधाराने ते उत्तर-दक्षिण पसरतात आणि पूर्वेकडे सरकत जातात. सांगली त्यांच्या पट्ट्यात येते. शेजारच्या कोल्हापुरात, शिवाजी विद्यापीठाच्या आवारातल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या आकाश-कॅमेऱ्याने रात्रीच्या फिकट लाल प्रकाशात या फुग्यांचे काळे पट्टे कितीतरी वेळा टिपलेत. फुग्याच्या कडेतून येणारी लहर लुकलुकते, रोव्हरचं गणित तुटतं, फिक्स जातं.

हे फुगे आपल्या भागात मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबर या महिन्यांत सर्वांत जास्त, सूर्यास्तानंतर तासाभराने सुरू होऊन मध्यरात्रीपर्यंत. आणि सौरचक्राच्या शिखरावर त्यांचा जोर सर्वाधिक, कारण थरच जाड असतो. ऑक्टोबर 2024, सूर्यास्तानंतर, शिखरकाळ: तिन्ही गोष्टी जुळल्या होत्या. म्हणजे दोष सूर्याचा होता हे खरं, पण वादळाचा नव्हता. रोजच्या, शांत दिसणाऱ्या सूर्याचा होता. मोठं वादळ या फुग्यांना कधी बळ देतं, कधी दाबून टाकतं. लोट कोणत्या प्रहरी आला यावर ते ठरतं.

मे 2024 मध्ये अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागात मका पेरणीच्या ऐन दिवसांत उपग्रहावर चालणारे ट्रॅक्टर भरकटले, कित्येकांनी पेरणी थांबवली. भारतात तेव्हा मोठी अडचण आली नाही. इस्रोने त्याचं कारण दिलं: आपण कमी अक्षांशावर आहोत, आणि वादळाचा मुख्य तडाखा आपल्याकडे भल्या पहाटे आला, जेव्हा आयनांबर पुरतं भरलेलं नव्हतं. हाच तडाखा संध्याकाळी आला असता तर काय, हा प्रश्न आपल्या मोजणीवाल्यांनी आणि ड्रोन उडवणाऱ्यांनी विचारात घ्यावा. उसावर औषध मारणारा ड्रोन बांधापलीकडे सरकला तर नुकसान शेजाऱ्याच्या बागेचं होतं.

राहिला मोबाईल. कण जमिनीपर्यंत पोचतच नाहीत. फोन बंद ठेवून काही साधत नाही, किरणोत्सर्गी पाऊसही पडत नाही. विजेच्या लांब वाहिन्यांना धोका असतो. 13 मार्च 1989 ला कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात दीड मिनिटात सगळी वीज गेली आणि सुमारे 60 लाख लोक नऊ तास अंधारात राहिले. आपल्या अक्षांशावर हे प्रवाह बरेच क्षीण असतात. गावात त्या आठवड्यात वीज गेली ती वाऱ्या-पावसाने.

गटाने काय केलं

आण्णांच्या बागेत दावण्या आला, घडांचं नुकसान झालं. फवारणी थांबवणाऱ्या आणखी काहींच्याही बागेत आला. यावरून मी सरसकट निष्कर्ष काढणार नाही. छाटणीच्या तारखा वेगळ्या, जाती वेगळ्या, दादांच्या बागेतही थोडा डाग होताच. पण पाऊस उघडल्यावरचा फवारणीचा वेळ हातातून गेला, हे आण्णा स्वतःच सांगतात, आणि त्यांच्या तोंडून ते ऐकताना वाईट वाटतं. माणूस हयगयी नाही. ज्या वर्षी घड वाचवायचा त्या वर्षी त्याला कोणी तरी भीती विकली.

गटाने नंतर ठरवलं की पावसाबाबत कुठलाही संदेश आला तर तो मंगळवार-शुक्रवारच्या कृषी हवामान सल्ल्याशी ताडून पाहिल्याशिवाय पुढे पाठवायचा नाही. बागेतल्या स्वयंचलित हवामान केंद्रावर पान किती तास ओलं राहिलं ते दिसतं. फवारणीचा निर्णय त्यावर. हे काम गटातल्या एका ताईंनी अंगावर घेतलं आहे. त्या रोज सकाळी आकडा टाकतात.

मोजणीवाल्या मुलाने आपल्या कामाची वेळ बदलली. मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये लेव्हलचं काम सूर्यास्ताआधी संपवायचं, संध्याकाळी घेतलेला बिंदू दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तपासायचा, आणि यंत्र विकत घेताना एकापेक्षा जास्त उपग्रहमालिका आणि एकापेक्षा जास्त वारंवारिता घेणारंच घ्यायचं. मोठ्या वादळाचा इशारा असेल त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी ड्रोन आणि रोव्हर, दोन्ही बंद. इशारा मिळण्याची सोय आता आपल्याच घरची आहे. 2 सप्टेंबर 2023 ला सोडलेलं आदित्य-एल1 यान पृथ्वीपासून 15 लाख किलोमीटरवर सूर्याच्या दिशेने उभं आहे. त्यावरची अतिनील दुर्बीण पुण्याच्या आयुका या खगोल संशोधन संस्थेने बनवली. सूर्याकडून आलेला लोट त्या ठिकाणावरून पुढे पृथ्वीवर यायला अर्धा-पाऊण तास घेतो. 10 ऑक्टोबरलाही तिथली अवकाशयानं ओलांडून तो साधारण अर्ध्या तासाने पृथ्वीवर पोचला होता.

चक्र शिखरावरून उतरायला लागलं म्हणजे वादळं संपली असं नाही. मागच्या एका चक्राचं शिखर 2001 च्या सुमारास होतं आणि त्यातली सर्वांत गाजलेली वादळं ऑक्टोबर 2003 च्या अखेरीस आली, फळछाटणीच्याच दिवसांत. पाईपलाईनची उरलेली मोजणी त्या मुलाने थंडीत, दिवसाउजेडी पूर्ण केली. 10 ऑक्टोबरच्या संध्याकाळी घेतलेले बिंदू त्याने रद्द केले आणि नव्याने घेतले. दोन ठिकाणी लेव्हलमध्ये फरक निघाला. तिथला उतार दुरुस्त करूनच चर खोदायला सुरुवात झाली.